चक्रीवादळानंतरचे छप्पर : किनाऱ्यावरील एका घराच्या दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका गावाच्या गावठाणात आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही, आणि रकमा जवळच्या पूर्णांकात घेतल्या आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या जाड भिंती, वर ऐनाचे वासे आणि मंगलोरी कौले, पश्चिमेला पडवी, मागे माड-पोफळीची वाडी, असे हे साठेक वर्षांचे कोकणातले नेहमीचे घर आहे. घरात आई एकटी राहते. थोरला मुलगा बोरिवलीला आणि धाकटा पनवेलला नोकरी करतो, आणि जमिनीच्या उताऱ्यावर त्यांच्याबरोबर बदलापूरच्या काकांचेही नाव आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, दापोली, मंडणगड या पट्ट्यात अशी घरे हजारोंनी उघडी पडली. या घराची पश्चिमेची पाखी, म्हणजे छपराची त्या अंगाची उतरती बाजू, जवळजवळ पूर्ण उडाली, आढ्याला तडा गेला, पडवीवर माड आडवा झाला, आणि पुढचे दहा दिवस मोकळ्या भिंतींच्या माथ्यावर पाऊस पडत राहिला. करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईहून येणे अवघड होते. गावातल्या सुताराकडे एकाच वेळी पन्नास घरांची बोलावणी होती. पत्र्याचे भाव चढले होते, आणि चढ्या भावानेही पत्रा मिळेल याची खात्री नव्हती.

पहिला निर्णय : घाई करावी की एक पावसाळा काढावा

धाकट्याचे म्हणणे असे होते की २२ ऑगस्टला गणपती आहेत, तेव्हा मिळेल त्या भावाने पत्रा घेऊन कायमचे छप्पर लगेच टाकावे. कोकणातल्या घरात गणपतीच्या आधी छप्पर नसणे ही नुसती गैरसोय नसते, त्यामुळे या आग्रहाला वजन होते. थोरल्याने मात्र चार महिने थांबायचे ठरवले. कुजके वासे, भिजलेल्या भिंती आणि टंचाईचा भाव या तिन्हींवर एकदम पैसे घालणे म्हणजे तेच काम दोनदा करणे, असा त्याचा हिशेब होता. शेवटी शाबूत वाशांवर जुन्याच कौलांतली धड कौले लावून माजघर आणि स्वयंपाकघर झाकले गेले, उरलेल्या भागावर बांबूच्या आधाराने ताडपत्री ताणली गेली, आणि त्या वर्षीचा दीड दिवसाचा गणपती माजघरात बसला.

हा निर्णय योग्य होता असे मला वाटते, पण त्याचे कारण भाव उतरण्याशी फारसे जोडलेले नाही. पुढे पोलादाचे भाव उतरले नाहीतच, उलट २०२१ च्या सुरुवातीला वाढले. थांबण्याचा खरा फायदा असा झाला की त्या चार महिन्यांत कागदपत्रे पाहून झाली, आणि कागदपत्रांनी कामाची व्याप्तीच बदलून टाकली.

पंचनाम्याची बाजूही येथे नोंदवायला हवी. तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत फुटकी कौले अंगणातून हलवायची नाहीत, असे आईने ठरवले होते. शेजाऱ्यांनी आधीच आवराआवर केली आणि त्यांना नुकसान सिद्ध करणे जड गेले. त्या वेळी राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत वाढवून दीड लाख रुपये केली होती. या घराच्या भिंती उभ्या असल्यामुळे ते अंशतः पडझडीच्या वर्गात गेले, आणि मिळालेली रक्कम एकूण खर्चापुढे अगदी थोडी होती. तरीही पंचनाम्याच्या प्रतीचा उपयोग पुढे झाला, कारण वादळाच्या दिवशी त्या जागी घर उभे होते, त्याला किती खोल्या होत्या आणि कसले छप्पर होते, याची तारखेसह सरकारी नोंद तिच्यात होती.

अडचण नेमकी कोणती होती

कुटुंबाची मूळ योजना मोठी होती. छप्पर नव्याने करायचेच आहे तर पश्चिमेकडे समुद्राच्या अंगाला दोन खोल्या वाढवाव्यात आणि पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहरी योजनेखाली त्या पर्यटकांना द्याव्यात, म्हणजे कर्जाचा हप्ता त्यातून सुटेल, असा विचार होता. गावातल्या ठेकेदाराने तोंडी अंदाजही दिला होता. परवानगीचे काय, असे विचारल्यावर घर गावठाणात आहे तेव्हा ग्रामपंचायतीचा दाखला पुरेल, असे उत्तर मिळाले.

अर्धे उत्तर बरोबर होते. गावठाणातले घर असल्याने बिनशेतीचा प्रश्न नव्हता आणि लहान घरांच्या बाबतीत ग्रामपंचायतीला अधिकार आहेत. पण भरतीच्या कमाल रेषेपासून हे घर सुमारे दीडशे मीटरवर होते, म्हणजे ते बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड), ग्रामीण किनाऱ्यासाठी असलेल्या तिसऱ्या वर्गात येत होते. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र होता. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या भागांसाठी हा पट्टा ५० मीटरवर आणला. मात्र नवे किनारा आराखडे मंजूर होईपर्यंत जुनेच नियम चालतील, असे त्याच अधिसूचनेत म्हटले होते, आणि वाडीवस्तीचे हे गाव दाट वस्तीच्या व्याख्येत बसण्याचीही शक्यता नव्हती.

ना-विकास पट्ट्यात सहसा नवे बांधकाम होत नाही. तेथे असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि घनता पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. दोन खोल्यांची योजना या एका अटीने बाद झाली. ठेकेदाराच्या भरवशावर नोव्हेंबरात पाया खणला असता, तर कर्जातला पहिला हप्ता अशा भिंतींवर खर्च झाला असता ज्या पुढे कधीही पाडायला लावल्या गेल्या असत्या.

कागदपत्रांत काय निघाले

अट वाचताना दोन शब्द महत्त्वाचे होते, ‘अधिकृत’ आणि ‘असलेले’. पहिली किनारा अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे, त्यामुळे घर त्याआधीचे असल्याचा पुरावा लागत होता. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, आजोबांच्या नावाने १९७० च्या दशकापासून घरपट्टी लागलेली सापडली आणि हा मुद्दा सुटला. पण त्याच नोंदीत घराचे क्षेत्र ८७० चौरस फूट होते. अभियंत्याने फीत लावून मोजले तेव्हा ते १,१२० भरले.

मधले अडीचशे फूट पडवीचे होते. मूळची उघडी पडवी १९९० च्या दशकाच्या अखेरीस वडिलांनी चिऱ्याची भिंत घालून बंद केली होती, तिची खोली केली होती, आणि तिची नोंद कुठेच केली नव्हती. कोकणात बंद पडव्या घरोघरी आहेत. वादळाने घर उघडे करून नियमांपुढे आणेपर्यंत त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

येथे तीन मार्ग समोर होते. पडवीचा उल्लेख न करता काम उरकणे हा गावातला रूढ मार्ग होता. वाढीव क्षेत्राची नोंद व्हावी म्हणून अर्ज करणे हा दुसरा, पण १९९१ नंतर ना-विकास पट्ट्यात झालेली बंदिस्ती अधिकृत ठरवून घेण्याची आशा फार धूसर होती आणि अर्जामुळे सगळ्या घराचीच फाइल अडकण्याचा धोका होता. तिसरा मार्ग होता पडवीची भिंत काढून ती पुन्हा उघडी करण्याचा. त्यात एक खोली जात होती, पण जी भिंत काढायची ती माड पडून अर्धी ढासळलेलीच होती. थोरल्याने तिसरा मार्ग धरला. आईला तो पटायला वेळ लागला, कारण त्या खोलीत तिच्या आंब्याच्या पेट्या आणि कोकमाच्या बरण्या असत. शेवटी मागच्या दारी, मूळ जोत्याच्या आत, पोटमाळा करून द्यायचे ठरल्यावर ती राजी झाली.

ग्रामपंचायतीकडे दुरुस्तीचा अर्ज दिला गेला तो या पायावर. १९६६ च्या नगररचना अधिनियमात, इमारतीच्या आतल्या भागापुरती किंवा बाह्य स्वरूपात ठळक फरक न करणारी देखभाल-दुरुस्ती परवानगीतून वगळलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही कौले बदलणे, छप्पर पुन्हा घालणे, गिलावा, फरशी अशी कामे परवानगी न लागणाऱ्यांत मोडतात. तरीही नुसते ‘लागत नाही’ यावर न थांबता, जुन्या आणि नव्या नकाशांसह नगररचना शाखेचा लेखी अभिप्राय मागवला गेला. तो मिळायला पावणेदोन महिने गेले. ही सावधगिरी मला योग्य वाटते, कारण किनाऱ्यावर तक्रारी बहुधा शेजारच्या हद्दीवरून सुरू होतात आणि किनारा नियमांच्या कलमावर येऊन थांबतात.

काकांच्या संमतीचा प्रश्न वेगळाच होता. पंचायतीने ती मागितली नव्हती, बँकेने मागितली. सामाईक मालमत्तेवर दुरुस्तीसाठी कर्ज देताना सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र हवे होते. काकांना वाटले की सही केली तर घरावरचा हक्क जाईल. त्यामुळे संमतीपत्रात हिस्से जसे आहेत तसेच राहतील असे एक वाक्य घालून घेतले, आणि मगच त्यांची सही झाली.

छपराचे पर्याय

सुताराने सगळ्यात आधी वाशांची टोके पाहिली. भिंतीच्या माथ्यावरच्या तुळईवर जिथे वासा टेकतो तिथे त्याने पटाशी टोचली, आणि बाहेरून धड दिसणाऱ्या वाशात ती दोन बोटे आत गेली. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या हवेत लाकूड मधून सहसा कुजत नाही, भिंतीच्या ओलीला चिकटलेल्या टोकाशी कुजते. तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक वासा तुळईला एकाच खिळ्याने धरलेला होता आणि तुळई भिंतीवर नुसती ठेवलेली होती. इतकी वर्षे छप्पर जागेवर राहिले होते ते केवळ स्वतःच्या वजनाने.

वजनाचा हा मुद्दा पर्याय निवडताना निर्णायक ठरला. मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो भरते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा जेमतेम ५ किलो. ताशी १३० किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो वजनाइतका होतो, आणि उतरत्या छपरावर, विशेषतः वळचण, आढे आणि कोपरे येथे, त्याचा परिणाम वरच्या दिशेने ओढ म्हणून जाणवतो. म्हणजे कौले कडेकडेने उडतात आणि फटींतून दाब सुटतो. पत्रा मात्र नीट जखडलेला नसेल तर सांगाड्यासकट उचलला जातो. निसर्गनंतर कोकणात घाईने पत्र्यावर गेलेल्या अनेकांनी हा फरक लक्षात घेतला नाही.

१,७०० चौरस फुटांच्या छपरासाठी चार अंदाज आले. नवे लाकूड आणि कौले यांचा अंदाज पावणेपाच लाखांचा होता, आणि एवढे पक्के लाकूड मिळण्याची शाश्वती नव्हती. लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रा सव्वातीन लाखांत होत होता. लोखंडी सांगाडा आणि त्यावर कौले यांना चार लाख चाळीस हजार लागणार होते. काँक्रीटच्या स्लॅबचा अंदाज बारा लाखांच्या वर गेला, कारण मातीतल्या जांभ्याच्या भिंती स्लॅब पेलणार नाहीत, म्हणून खांब आणि नवा पाया आला. स्लॅब घेतला असता तर ते काम दुरुस्तीच्या व्याख्येतून बाहेर पडले असते आणि दहा लाखांच्या वर गेल्यामुळे बांधकाम कामगार उपकराचाही प्रश्न आला असता. वादळाला स्लॅब सर्वांत भक्कम हे खरे आहे. परंतु या घरासाठी तो नव्या घराचाच खर्च होता, तोही परवानगी बहुधा न मिळणारा.

धाकटा पत्र्याच्या बाजूने होता, आणि त्याचे कारण वादळापेक्षा वानर होते. वाडीतून उड्या मारत येणारी वानरे दर वर्षी शंभर-दीडशे कौले फोडतात, आणि कोकणात कौले सोडून पत्र्याकडे जाणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कारण हेच असावे, असा माझा समज आहे. थोरल्याने कौलांचा आग्रह धरला. घराचे बाह्य रूप तेच राहिले तर परवानगीची बाजू भक्कम राहते, पश्चिमेच्या उन्हात पत्र्याखाली राहणे आईला झेपणार नाही, आणि वजन वाऱ्याविरुद्ध उपयोगी पडते, ही त्याची कारणे होती. पडवी उघडीच ठेवायची असल्याने तिच्यावर मात्र पत्रा घालायचा, अशी तडजोड झाली.

खर्चाचा आराखडा

छपराचे चार लाख चाळीस हजार, भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा आणि ढासळलेल्या चिऱ्यांची दुरुस्ती नव्वद हजार, वीजजोडणी नव्याने करणे पंचाहत्तर हजार, आतबाहेरचा गिलावा ऐंशी हजार, पन्हळी आणि जोत्याभोवतीचा निचरा पस्तीस हजार, अभियंता आणि नकाशे पस्तीस हजार, असा साडेसात लाखांच्या किंचित वरचा अंदाज तयार झाला. त्यावर पंधरा टक्के अडीअडचणीसाठी धरून आठ लाख अडुसष्ट हजारांची तयारी ठेवली. बँकेने पाच लाख दिले आणि उरलेले दोघा भावांनी घातले.

अंदाज मागताना थोरल्याने प्रत्येकाकडून लेखी घेतले की दरात जीएसटी धरला आहे की नाही. कौलांवर ५ टक्के, लोखंडावर १८ टक्के आणि सिमेंटवर त्या वेळी २८ टक्के कर होता. सांगाड्याचा सर्वांत स्वस्त वाटलेला अंदाज कराशिवायचा होता, आणि कर मिळवल्यावर तो तिसऱ्या क्रमांकावर गेला.

काम कसे झाले

ऑक्टोबरपासूनच काम सुरू करता आले असते, पण अभिप्राय हाती पडेपर्यंत डिसेंबरचा मध्य उजाडला. तोवर भिंती उघड्याच वाळू दिल्या गेल्या. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळाभर पाणी पितो, आणि ओल्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतल्या बाजूने फुटते. गवंड्याला नोव्हेंबरात गिलावा उरकायचा होता. तो फेब्रुवारीपर्यंत थोपवला, आणि आतल्या बाजूला चुना मिसळलेला गिलावा घेतला. त्यासाठी चुन्याचे काम येणारा माणूस शेजारच्या तालुक्यातून आणावा लागला, आणि गिलाव्याचा खर्च वाढला तो त्यामुळे.

भिंतीच्या माथ्यावर पूर्ण रुंदीचा, सहा इंच जाडीचा सळ्यांचा पट्टा ओतला. कोपऱ्यांत आणि दर सहा फुटांवर भोके पाडून सळ्या खालच्या दोन थरांत उतरवल्या आणि सिमेंटने भरल्या. पट्ट्यातच बोल्ट बसवले आणि कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी चौकटीच्या, पायाची पट्टी त्यांवर आवळली. समुद्र एवढा जवळ असल्याने साधे काळे लोखंड न घेता जस्तलेपित नळ्या घेतल्या, आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचा रंग दोनदा दिला. मंगलोरी कौलाच्या पाठीला तार ओवण्यासाठी भोकाचा उंचवटा असतो. कोकणात तो क्वचितच वापरला जातो. येथे वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतची ओळ आणि दोन्ही टोकांची कौले न गंजणाऱ्या तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, बांधली. सुताराला हे काम उगाच वाढवलेले वाटले.

मार्चअखेर मुख्य घर झाकले गेले. पडवीचे काम एप्रिलवर ठेवले होते, आणि १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात पुन्हा निर्बंध आले. फॅब्रिकेटरची माणसे गावी निघून गेली. पडवीच्या पत्र्यांना आकड्यांचे बोल्ट मारायचे राहिले होते, आणि ते नुसत्या काही स्क्रूंवर धरलेले होते.

निष्पत्ती

मे २०२१ च्या मध्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. रायगडला त्याचा थेट तडाखा बसला नाही, पण वारा जोरदार होता. मुख्य छपरावरची चार कौले गेली, चारही मधल्या, न बांधलेल्या ओळींतली. पडवीचे तीन पत्रे उडून वाडीत पडले. ते पुन्हा घालायला पंधरा हजार लागले.

एकूण खर्च आठ लाख पंचाण्णव हजारांवर गेला, म्हणजे राखीव रक्कम धरूनही सत्तावीस हजार जास्त लागले. पोलादाच्या भाववाढीने छप्पर पाच लाख दहा हजारांना पडले, गिलावा एक लाख दहा हजारांना. जुलैच्या मोठ्या पावसात एकच गळती निघाली, पडवीचा पत्रा मुख्य छपराच्या कौलांखाली जिथे शिरतो तिथे. पत्रा नऊ इंच आत सारून ती बंद केली. १० सप्टेंबरचा गणपती पूर्ण घरात बसला.

वेगळे काय करता आले असते

पडवी आणि मुख्य घर यांचा क्रम उलटा ठेवायला हवा होता असे काहींनी सुचवले, पण मला ते पटत नाही. मुख्य घराला प्राधान्य देणे योग्यच होते. चूक इतकीच होती की अर्धवट बसवलेले पत्रे तसेच ठेवले. माणसे निघून गेल्यावर ते खाली उतरवून ठेवायला दोन गड्यांचे एका दिवसाचे काम होते.

अभिप्रायाचा अर्ज ऑक्टोबरात गेला. नमुना ८ ची प्रत जूनमध्येच मागितली असती, तर क्षेत्रातली तफावत पावसाळ्यातच कळली असती, अर्ज ऑगस्टमध्ये जाऊ शकला असता, आणि एप्रिलचे निर्बंध येण्याआधी पडवीही झाली असती. भाववाढीचा बराच भागही टळला असता, कारण सांगाड्याचे लोखंड जानेवारीऐवजी नोव्हेंबरात घेता आले असते.

सगळी कौले तारेने बांधायची की फक्त कडेची, हा निर्णय खर्च पाहून झाला होता. तौक्तेने नेलेली चार कौले पाहता आढ्याखालच्या आणखी दोन ओळी बांधणे परवडले असते. वानरांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी चाळीसएक कौले फोडली, आणि धाकट्याने पुन्हा पत्र्याचा विषय काढला आहे. पर्यटकांच्या खोल्यांसाठी कुटुंब आता भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पलीकडे असलेल्या वाडीच्या वरच्या टोकाचा विचार करत आहे. ती जमीन गावठाणाबाहेर असल्याने तेथे परवानग्यांची सगळी सुरुवात नव्याने करावी लागेल, आणि काकांची संमती या वेळी पहिल्या आठवड्यातच घ्यायची असे दोघा भावांनी ठरवले आहे.